खेळण्यातील गाडी आणि गृहस्थाचा परिग्रह

मनुष्य वस्तू राखतो, की वस्तूच मनुष्याला राखून ठेवतात, हा प्रश्न पुरातन आहे. संन्याशाने तो सर्वत्यागाने एकदाच सोडविला. गृहस्थाला मात्र तो रोज नव्याने सोडवावा लागतो. त्याला वर्षाचे धान्य भरावे लागते, वस्त्रपात्रे ठेवावी लागतात, मुलाबाळांसाठी चार पैसे बाजूला टाकावे लागतात. ह्याबद्दल शास्त्रांनी त्याला दोष दिलेला नाही. उलट ज्याच्या घरी काहीच नाही तो अतिथीला काय देणार, असेच शास्त्रकारांचे धोरण आहे. मग दोष नेमका कोठे सुरू होतो? राखणे हा धर्म कोठवर आणि बंधन कोठून? ह्या प्रश्नाचा विचार आज एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे तळहातावर मावणारी, जुन्या वळणाची, अंधारात हिरवट तेजाने चमकणारी खेळण्यातील मोटारगाडी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मोठ्या वस्तूंच्या बाबतीत आपण गरजेचे कारण पुढे करून मनाचे दोष झाकू शकतो, खेळण्याच्या बाबतीत ती सोय नसते.

गेल्या दीपावलीत मी माझ्या वडील भगिनीच्या घरी गेलो होतो. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सुविद्य, कामसू आणि निर्व्यसनी गृहस्थ आहे. त्याला अशा छोट्या गाड्या जमविण्याचा छंद आहे. भिंतीतील एका कपाटात शेदोनशे गाड्या, कारखान्यातून ज्या वेष्टनात निघाल्या त्याच वेष्टनात, ओळीने ठेवलेल्या आहेत. त्याने नुकतीच घेतलेली एक गाडी मला दाखविली. घाट पन्नाससाठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मोटारीचा, पण अंग चमकणाऱ्या द्रव्याचे. त्याचा सहा वर्षांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने विचारले, “बाबा, ही कपाटात चमकते का?”

भाचा म्हणाला, “नाही रे. आधी तिच्यावर उजेड पडावा लागतो. कपाटात उजेड कुठला?”

“मग तिला बाहेर काढून उजेडात ठेवू या ना!”

“नको. उजेडाने वेष्टन पिवळे पडते, रंग उडतो. आणि वेष्टन फोडले तर तिची किंमतच जाते.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “मामाआजोबा, मग ही गाडी चमकणार केव्हा?”

मी भाच्याला अपरिग्रहाचा उपदेश करण्यासाठी तोंड उघडले. त्यावर त्याने जे उत्तर दिले ते पुढे यथाक्रम सांगेन. कारण ते उत्तर समजण्यास आधी ह्या गाड्यांचा थोडा वृत्तान्त कळला पाहिजे.

अशा लहान धातूच्या गाड्यांची प्रसिद्ध परंपरा इंग्लंडात सुरू झाली. १९४७ साली लंडनमध्ये लेस्ने नावाचा एक कारखाना निघाला. त्यातील एक कारागीर जॅक ओडेल ह्यांच्या मुलीच्या शाळेत असा नियम होता की, आगपेटीत मावेल एवढेच खेळणे मुलांनी शाळेत आणावे. म्हणून ओडेल ह्यांनी रस्ता दाबण्याच्या इंजिनाची एक इवलीशी पितळी प्रतिकृती मुलीसाठी केली. त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ ह्या नावाची खेळणी बाजारात आली. पुढे १९६८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ नावाच्या गाड्या काढल्या. पहिल्या वर्षी त्यांचे १६ प्रकार होते आणि त्यांच्या चाकांवर तांबडी रेघ असे. एका बापाने एका मुलीच्या हातात ठेवलेले खेळणे आणि नारिंगी पट्ट्यांच्या रस्त्यावरून भरधाव सोडावयाच्या गाड्या, असा ह्या वस्तूंचा जन्म आहे. त्या मुळातच हातात घेण्यासाठी, घासण्यासाठी, क्वचित मोडण्यासाठीही जन्मल्या.

त्यांच्याशी खेळलेली मुले मोठी झाली. ज्या गाड्या खेळून झिजल्या त्या गेल्या, ज्या कोणी न खेळता राहून गेल्या त्यांना किंमत आली. इथवर काळाचा स्वाभाविक व्यवहार होता. परंतु १९९५ साली त्याच कंपनीने १२ गाड्यांची एक मालिका काढली आणि प्रत्येक प्रकारच्या फक्त १०,००० प्रती केल्या. पूर्वी दुर्मिळता काळ निर्माण करीत असे. आता ती मोजून निर्माण होऊ लागली. जुन्या घाटाच्या नव्या गाड्या, तांबड्या रेघेची नवी चाके, अंधारात चमकणारी अंगे, हे सर्व आज निघते. आणि त्यातील पुष्कळशा गाड्या मुलाच्या हाती न जाता थेट प्रौढाच्या कपाटात जातात.

ह्या छंदातील एक हकीकत फार बोलकी आहे. १९६९ साली मॅटेल कंपनीने फोक्सवॅगन गाडीच्या घाटाची ‘बीच बॉम्ब’ नावाची एक गाडी काढण्याचे ठरविले. समुद्राच्या लाटांवर खेळण्याच्या फळ्या तिच्या मागच्या खिडकीतून आत खोचलेल्या होत्या. पण नमुना करून पाहिल्यावर आढळले की गाडी फार अरुंद आहे आणि गती देणाऱ्या यंत्रातून ती नीट पुढे जात नाही. म्हणून फळ्या दोन्ही बाजूंना घेऊन, अंग रुंद करून ती पुन्हा घडविली आणि मगच विक्रीस आणली. जे थोडे मूळ नमुने शिल्लक राहिले त्यांपैकी एका गुलाबी नमुन्याची किंमत आज एक लाख डॉलरांहून अधिक समजली जाते. म्हणजे ज्या गाडीला गाडीचा धर्म पाळता आला नाही, जी चालू शकली नाही, तीच सर्व गाड्यांत श्रेष्ठ ठरली! किंमत आणि मूल्य ह्या दोन गोष्टी किती दूर जाऊ शकतात, ह्याचा ह्याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

राखून ठेवल्याने वस्तू खरोखर राहते का, हेही पाहण्यासारखे आहे. अशी खेळणी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओततात. त्या धातूत शिशाचा थोडासा जरी अंश मिसळला गेला असेल, तर कालांतराने धातू आतूनच फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. १९३९ च्या महायुद्धापूर्वीची कित्येक इंग्लिश खेळणी अशीच, कोणी हात न लावता, ठेवल्या जागी भंगली आहेत. धनाला दान, भोग आणि नाश अशा तीन गती असून, जो देत नाही आणि भोगीतही नाही त्याच्या धनाची तिसरी गती ठरलेलीच आहे, असे भर्तृहरीने सांगून ठेवले आहे. वेष्टन हवेला थोपवील, मुलाच्या हाताला थोपवील. परंतु जो नाश धातूच्या पोटातच आहे त्याला वेष्टन काय करणार?

आता त्या चमकण्याकडे वळू. इ. स. १६०३ च्या सुमारास इटलीतील बोलोन्या नगरात व्हिन्चेन्झो कासियारोलो नावाचा पादत्राणे करणारा एक कारागीर होता. त्याला किमयेचा नाद होता. नगराजवळच्या टेकडीवर मिळालेला एक जड दगड त्याने सोने मिळेल ह्या आशेने कोळशात भाजला. सोने मिळाले नाही. पण तो दगड उन्हात ठेवून मग अंधारात नेला तर निखाऱ्यासारखा चमकू लागला. ज्याला सोने हवे होते त्याच्या हाती प्रकाश आला. तेव्हापासून अशा द्रव्यांचा शोध चालू राहिला. पुढे तांब्याचा सूक्ष्म अंश मिसळलेले जस्ताचे एक संयुग वापरात आले आणि १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम धातूपासून असे द्रव्य तयार झाले की ते पूर्वीच्या द्रव्यांपेक्षा कित्येक पट अधिक वेळ चमकते. त्याची भुकटी प्लॅस्टिकमध्ये किंवा रंगात मिसळली की खेळणे तयार.

ह्या सर्व द्रव्यांचा धर्म एकच. प्रकाश पडला की त्यांतील सूक्ष्म कण ती शक्ती घेतात आणि काही काळ अडकवून ठेवतात. मग हळूहळू तीच शक्ती प्रकाशरूपाने परत देतात. दिवा मालविल्यावर प्रथम तेज अधिक असते, मग ते मंद होत जाते आणि अखेर संपते. पुन्हा चमकावयाचे तर पुन्हा उजेडात आले पाहिजे. बालकाला वाटते की गाडीला स्वतःचा उजेड आहे. आपण हसतो, परंतु आपलीही समजूत त्याहून फार वेगळी नसते. आपल्या ठिकाणी जी विद्या, जी सज्जनता, जे काही तेज लोकांना दिसते ते कोणाचे? माता, पिता, गुरू, ग्रंथ, सत्संग ह्यांच्यापासून आपण ते घेतले. पंधराव्या अध्यायात भगवंतांनी सूर्य, चंद्र आणि अग्नी ह्यांच्याही तेजावर आपला अधिकार सांगितला आहे. जेथे सूर्याचे तेज त्याचे स्वतःचे नाही, तेथे माझ्या चार ग्रंथांच्या विद्येची काय कथा? आत्मा स्वयंप्रकाश आहे हे खरे. पण ‘मी’ म्हणून मिरविणारा अहंकार हा त्या द्रव्यासारखाच उसन्या तेजाने चमकतो.

उसने घेणे हा दोष नव्हे. दोष दोन ठिकाणी येतो. घेतलेले आपलेच मानणे हा पहिला, आणि घेतलेले परत न देणे हा दुसरा. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचे रहस्य हेच आहे. देवांनी दिलेले भोगून जो काहीच परत देत नाही त्याला भगवंतांनी चोराची कठोर संज्ञा दिली आहे. चमकणारी गाडी जड असूनही हे चक्र पाळते, उजेडात घेते आणि अंधारात देते. कपाटात बंद केल्यावर मात्र तिचे घेणेही थांबते आणि देणेही थांबते.

येथे कोणी म्हणेल, “मग जपून ठेवणे हेच पाप ठरले. संग्रहालये मोडावीत काय? पूर्वजांच्या वस्तू मुलांच्या हाती देऊन फोडून टाकाव्यात काय?” ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर टाळता येणार नाही. संग्रह आणि संग हे शब्द कानाला जवळचे वाटतात. परंतु धातूने ते दूरचे आहेत. संग्रह हा ‘ग्रह्’ धातूपासून आला आणि ‘सम्’ ह्या उपसर्गामुळे त्याचा अर्थ नीट एकत्र धरणे असा झाला. संग हा ‘सञ्ज्’ धातूपासून आला आणि त्याचा अर्थ चिकटणे. गीतेने संगाचा सर्वत्र निषेध केला. पण संग्रह हा शब्द मात्र ‘लोकसंग्रह’ ह्या थोर कर्तव्याच्या नावात आदराने ठेवला. संग्रहालयात ठेवलेले खेळणे एका मुलाच्या हातून काढून घेतलेले असले तरी सहस्र मुलांच्या दृष्टीसमोर ठेवलेले असते. लोकांसाठी राखणे हा संग्रह. लोकांपासून राखणे हा परिग्रह. हात एकच, कुलूपही एकच. कुलूप कोणासाठी लावले आहे एवढ्यावर सर्व अवलंबून आहे.

संग कसा वाढतो ह्याचा क्रम दुसऱ्या अध्यायात आहे. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध आणि शेवटी बुद्धीचा नाश. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाला नाव मिळाले तेही एका खेळण्यातील गाडीवरूनच. दरिद्री चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला, ती गाडी परत गेली आणि मग त्याला मातीची गाडी नकोशी झाली. तोपर्यंत मातीच्या गाडीत काही उणे नव्हते. वसंतसेनेने कळवळून आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत घातले आणि ह्यांची सोन्याची गाडी करून घे म्हणून सांगितले. तेच अलंकार पुढे न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरले आणि तो निरपराध पुरुष वधस्तंभापर्यंत गेला. वसंतसेनेचा हेतू करुणेचा होता, मुलाचे रडणे निष्पाप होते. तरीही खेळण्याला सोन्याची किंमत चिकटताच ते खेळणे राहिले नाही.

आता भाच्याचे उत्तर सांगतो. मी उपदेशास आरंभ करताच तो नम्रपणे म्हणाला, “मामा, तुम्ही म्हणता ते खरे आहे. पण तुमच्या गुरुजींच्या त्या पोथ्यांचे लाल बासन तुम्ही किती वर्षांत सोडले नाही?”

मी निरुत्तर झालो. माझ्या गुरुजींनी देहत्यागापूर्वी आपल्या हस्तलिखित पोथ्या माझ्या स्वाधीन केल्या होत्या. भाषांतराच्या कामात असल्याने मी त्यांतील पहिल्या एकदोन वापरल्या आणि बाकीच्या बासनात बांधून ठेवल्या. चार वर्षांपूर्वी एक विद्यार्थी त्यांतील एक न्यायशास्त्रावरील टीका पाहण्यासाठी माझ्याकडे आला होता. पाने ठिसूळ आहेत, हाताळली तर तुटतील, असे सांगून मी त्याला परत पाठविले. ते कारण खोटे नव्हते. पण पूर्णही नव्हते. ‘ही पोथी माझ्याकडे आहे, इतरांकडे नाही’ ह्या जाणिवेचे एक गोड तेज माझ्या मनात होते आणि ते कमी होऊ नये अशी माझी आतून इच्छा होती. त्याने पुन्हा विचारले नाही.

दीपावलीहून परतल्यावर मी बासन सोडले. त्या टीकेच्या पानांच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या आणि अकरा पानांवरील ओळींची टोके कायमची नाहीशी झाली होती. आमच्या पाठशाळेत दर वर्षी उन्हाळ्यात पोथ्या बाहेर काढून त्यांना ऊन दाखविण्याचा प्रघात होता. गुरुजी ते काम विद्यार्थ्यांकडूनच करवीत आणि त्या निमित्ताने पानेही वाचली जात. मी जपण्याच्या नावाखाली जपण्याचा तो मुख्य उपायच बंद केला होता. त्या विद्यार्थ्याचा शोध केला तेव्हा कळले की त्याने शास्त्राध्ययन सोडून दुसरा व्यवसाय धरला आहे. माझ्या नकारामुळेच तसे झाले असे मी म्हणू शकत नाही. माझ्या नकाराचा त्यात काहीच भाग नव्हता असेही म्हणू शकत नाही. मी त्याला पत्र लिहून क्षमा मागितली. पोथीची उरलेली पाने आता छायाचित्रे घेऊन दोन पाठशाळांना दिली आहेत. गेलेल्या ओळी मात्र परत येणार नाहीत.

म्हणून हा लेख भाच्याला उद्देशून नाही. त्याची गाडी कपाटात राहिल्याने जगाचे फारसे काही बिघडत नव्हते. माझ्या बासनाने बिघडले. खेळण्याचा परिग्रह आपल्याला चटकन दिसतो, कारण तो हास्यास्पद असतो. विद्येचा, अधिकाराचा, प्रेमाचादेखील परिग्रह असतो आणि तो पूज्य वस्त्रात गुंडाळलेला असल्याने दिसत नाही. पुत्राला व्यवहार न सांगणारा पिता, सुनेला घराची रीत न सांगता किल्ल्या कमरेला ठेवणारी सासू, शिष्यापासून मर्म लपविणारा गुरू, हे सर्व वेष्टन न फोडता वस्तू राखणारेच आहेत.

गृहस्थाने आपल्या संग्रहाची परीक्षा तीन खुणांनी करावी. पहिली खूण अशी की, वस्तू योग्य हाती देण्याची वेळ आली तर हात कापतो का? किंचित कापणे स्वाभाविक आहे. परंतु मागेच आला तर संग जडला असे समजावे. दुसरी खूण, ही वस्तू माझ्याजवळ आहे ह्याचा आनंद अधिक, की इतरांजवळ नाही ह्याचा? दुसरा आनंद आढळला तर सावध व्हावे. सोळाव्या अध्यायात मिळविलेल्याचे व मिळवावयाच्याचे हिशेब करीत बसणाऱ्या ज्या वृत्तीला आसुरी म्हटले आहे तिचा तो अंकुर आहे. तिसरी खूण, वस्तू ज्या कार्यासाठी निर्माण झाली ते कार्य माझ्या घरी होते का? पोथी वाचली जाते का, भांड्यात अन्न शिजते का, धनाने कोणाचे दुःख निवारते का, खेळण्याशी कोणी खेळते का? ह्या तीन खुणा उतरल्या तर शंभर वस्तू असूनही गृहस्थ अपरिग्रही आहे. न उतरल्या तर एकच वस्तू असूनही तो बद्ध आहे.

भाच्याने सगळी कपाटे रिकामी केली नाहीत आणि मीही त्याला तसे सांगितले नाही. त्या रात्री त्याने ती एकच गाडी वेष्टनातून काढून मुलाच्या हाती दिली. वेष्टन फाडताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, हे नमूद केले पाहिजे. मुलाने गाडी काही वेळ दिव्याखाली धरली, मग दिवा मालविला आणि ती घेऊन पांघरुणात शिरला. पांघरुणाच्या आत हिरवट उजेड दिसत होता आणि कोणाला तरी हळू आवाजात प्रवासाला निघण्याची आज्ञा दिली जात होती. पहाटे मी स्नानासाठी उठलो तेव्हा तो उजेड संपलेला होता. सकाळी मुलाने आपण होऊन गाडी खिडकीतल्या उन्हात नेऊन ठेवली.

सज्जनहो, आपल्या प्रत्येकाच्या घरी असे एखादे बासन, एखादे कपाट, मनाचा एखादा बंद कोपरा असतोच. तो आज उघडून पाहावा आणि त्यातील जे कोणाच्या उपयोगी पडण्याजोगे असेल ते योग्य हाती द्यावे. सर्व तेजांचे मूळ जो परमात्मा, त्याने दिलेला प्रकाश घेण्याची आणि वेळेवर परत देण्याची बुद्धी तो आपणा सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.